शिवसुमनाची कपार आणि गडांची साफसफाई

महोदय,

जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून गडांची डागडुजी, पायवाटा आणि कठडे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच कड्यांच्या आधाराने जगणाऱ्या एका वनस्पतीचा मात्र त्यात उल्लेख आढळला नाही, म्हणून हे पत्र.

शिवसुमन, अर्थात फ्रेरिया इंडिका, ही रुईच्या कुळातील मांसल खोडाची ठेंगणी वनस्पती जगात केवळ महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर नैसर्गिकरीत्या आढळते. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी १८६०च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद करताना मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव तिला दिले. शिवनेरीची आठवण देणारे आपले नाव त्याहून कितीतरी गोड आहे. श्रावण-भाद्रपदात तिला रुपयाच्या नाण्याएवढी, पाच टोकांची, गडद किरमिजी फुले येतात. त्यांवर पिवळे ठिपके असतात आणि कडेला बारीक लव. उन्हाळ्यात पाने गळून जातात व बोटाएवढी जाड, करड्या रंगाची खोडे तेवढी कपारीला धरून राहतात. नेमकी हीच अवस्था तिच्या मुळावर येते.

गेल्या एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यातील एका गडावर (नाव मुद्दामच देत नाही, कारण अशी झाडे उपटून कुंडीत लावणाऱ्या हौशी मंडळींची वानवा नाही) तटाखालच्या कातळातील ‘तण’ काढण्याचे काम चालू होते. बाजूला रचलेल्या वाळक्या गवताच्या ढिगात मला तीच खोडे दिसली. एक मोडून पाहिले, तर आत हिरवेगार आणि रसरशीत होते. कामावरच्या मजुरांना बोल लावण्यात अर्थ नाही. हे झाड कोणते, हे त्यांना कुणी दाखवलेच नव्हते.

शेळ्यांचे तोंड आणि वणव्याची धग यांपासून जे काही वाचले, ते उभ्या कातळामुळे. आता तिथेही विळा, सिमेंट आणि उघड्या कातळाला ‘ओसाड’ समजून केलेली वृक्षलागवड पोहोचणार असेल, तर या झाडाला जायला दुसरी जागा नाही. फांदी खोचली की ते कुंडीत सहज जगते, त्यामुळे रोपवाटिकेत ते सुरक्षित असल्याचे सांगितले जाते. परंतु एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली शंभर रोपे म्हणजे वंशाने एकच झाड. बी धरून नवी पिढी रुजायची, तर कपार हवी आणि परागीकरण करणाऱ्या माश्याही हव्यात.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे, आणि २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता समित्यांची तरतूद आहे. ज्या गडांवर या वनस्पतीची नोंद आहे, तेथील दुरुस्तीचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी या दोहोंच्या मदतीने कड्याची पाहणी व्हावी, तिच्या कपारी नकाशावर नोंदवून तो नकाशा ठेकेदाराच्या हाती द्यावा, आणि ही पाहणी भाद्रपदात, झाड फुलावर असतानाच करावी. एप्रिलमध्ये ते जाणकारालाही चटकन ओळखू येत नाही.

एक वाचक,
कोथरूड, पुणे