सोप्पा ताल-आर्मलाच्या त्या वाडग्यासाठी

प्रिय नन्ना,

तुमच्या माल्टी भाषेत आजीला नन्ना म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. हे पत्र मुलगी तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवेल. पण मला मनातलं मराठीतच लिहिता येतं.

हे गेले तेव्हा तेरा दिवस घर भरलेलं होतं. आमच्याकडे सुतकात चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. तसे त्यांनी आणलेही. चौदाव्या दिवसापासून मात्र कुणी फिरकलं नाही. दोन महिन्यांनी पुतण्याच्या लग्नात मला हळूच मागच्या खुर्चीवर बसवलं, तेही माझ्याच माणसांनी. जवळच्याच हेरवाड गावाने 2022 साली विधवांच्या या असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला, ती बातमी वाचून मला रडू आलं होतं. आमच्या आळीत तसं काही झालं नाही. तेव्हापासून मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवायला लागले. पान वाढून घ्यावंसंच वाटेना.

फेब्रुवारीत मुलीने मला तुमच्या माल्टातल्या गोझो बेटावर नेलं. ती दिवसभर इस्पितळात कामावर, बाहेर पाऊस, आणि ती पिवळ्या दगडाची घरं आतून किती गार! त्यात एका हॉटेलात "मांस नाही" असं छातीठोक सांगून दिलेल्या सूपात तळाशी कोंबडीचा तुकडा निघाला. मग मी बाहेरचं खाणंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही दार वाजवलंत. हातात पातेलं नव्हतं, भाजीची पिशवी होती. ती टेबलावर ओतलीत. फ्लॉवर, गाजर, बटाटे, कांदे, मटार, ओला बाकला. आणि नवलकोल! सांगलीच्या मंडईतला नवलकोल समुद्रापार भेटला तेव्हा मी किती दिवसांनी हसले. त्या पिशवीत मांसाचं काही नाही हे मला आधी दाखवलंत आणि मग माझ्याच गॅसवर सूप शिजवलंत.

सूप उकळताना तुम्ही स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणालात, "आर्मला." मग माझ्याकडे पाहून पुन्हा तेच म्हणालात. संध्याकाळी मुलीने अर्थ सांगितला. आर्मला म्हणजे विधवा, सोप्पा ताल-आर्मला म्हणजे विधवेचं सूप, गरीब बाईला परवडेल अशा भाज्यांचं. तुमच्याकडे हे नाव घेताना कुणी आवाज खाली करत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते त्या अंड्याबद्दल. या सूपात शेवटी अंडं फोडून सोडतात. तुम्ही ते पातेल्याच्या काठाशी धरलंत आणि थांबून माझ्याकडे पाहिलंत. मी मान हलवली. तुम्ही अंडं पिशवीत परत ठेवलंत आणि दोन्ही जबेइना माझ्या वाडग्यात सोडल्यात, तुमच्या वाटणीचीसुद्धा. शेळी-मेंढीच्या दुधाच्या चीजची ती इवलीशी चकती, खरवसासारखी थरथरणारी, गरम सूपात मऊ झाली तरी मोडली नाही. मग समोर बसलात, "कुल, कुल" म्हणजे खा, खा म्हणत. माझा वाडगा रिकामा होईपर्यंत उठला नाहीत. दीड वर्षात मला कुणी बसवून वाढलं नव्हतं हो.

पुढे तुम्ही पुष्कळ खाऊ घातलंत. टोमॅटो चोळलेला, तेल घातलेला पाव टूना वगळून दिलात. 2020 साली युनेस्कोने मान दिलेला तो चपटा पाव, फ्तीरा, खजुराचं सारण भरून तळलेल्या, शंकरपाळीच्या आकाराच्या इमआरेत, काचेच्या पेल्यातला दुधाळ चहा. चहा अगदी आमच्या टपरीवरच्यासारखा! तुमचा रंदान, म्हणजे ईस्टरआधीचा उपवास, सुरू झाला तेव्हा बदामाची बिस्किटं, क्वारेझिमाल, आणलीत आणि बोटावर मोजून दाखवलंत, अंडं नाही, लोणी नाही. दुसऱ्याच्या ताटात काय चालतं आणि काय नाही, याची एवढी आठवण ठेवणारं माणूस मला माझ्या गावात शोधावं लागेल.

यंदा संक्रांतीला आमच्या आळीत हळदीकुंकू झालं. मला बोलावणं नव्हतं. मी घरी तिळाच्या वड्या केल्या. मुलगी आली होती, आम्ही दोघी पाट मांडून जेवलो. त्यातल्या वड्या ती महिनाअखेरीस तुमच्यासाठी घेऊन येते आहे. रंदान सुरू झाल्यावरही खाता येतील, नन्ना. पाकात तूप घातलेलं नाही आणि थापताना ताटालाही तेलाचाच हात लावलाय.

तुमची शेजारीण