टाके किती पिकले, हे कुणी मोजतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2027च्या सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या रोज वाचते. रस्ते, घाट, पूल आणि अधूनमधून रुग्णालयांतल्या वाढीव खाटा. खाटा वाढणार याचा आनंदच आहे. मी बत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, शेवटची काही वर्षं सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज. 2022 साली निवृत्त झाले. 2015च्या सिंहस्थात ड्यूटी केली आहे, खाट कमी पडली की काय हाल होतात ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण खाटेवर आलेल्या माणसाला त्याच रुग्णालयात नवं दुखणं लागलं, तर त्याची नोंद कुठे होते? हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेची गर्भपिशवी काढली, शहरातल्या एका खासगी रुग्णालयात. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. खोली लखलखीत, फिनेलचा वास, खिडकीला नवे पडदे. आणि कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला, जोडलेली युरोबॅग फरशीवर आडवी, तिची तोटी लादीला टेकलेली. मी ती उचलून कॉटच्या खालच्या दांडीला अडकवली. सिस्टरला विचारलं, "कॅथेटर कधी काढणार?" ती बिचारी म्हणाली, "सरांनी अजून सांगितलं नाही." कॅथेटर निघालं चौथ्या दिवशी. हातातलं व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवलेली नळी, पाचव्या दिवशी. ते कधी टोचलं याची तारीख वरच्या पट्टीवर नव्हती. दाराशी हँडरबची, म्हणजे हातांना चोळायच्या जंतुनाशकाची, बाटली होती, कोविडच्या वेळी भिंतीला ठोकलेली. दाबून पाहिली. रिकामी, तोंडाशी वाळलेला चिकट थर.

सहाव्या दिवशी जाऊ निफाडजवळच्या आमच्या गावी गेली. नवव्या दिवशी टाक्यांतून पाणी यायला लागलं, मग पू. गावातल्या डॉक्टरांनी दोन टाके सोडवले आणि रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. भाऊजी भर पावसात तिला मोटरसायकलवर न्यायचे आणि आणायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, ऑपरेशन तासाभराचं आणि निस्तरतोय सव्वा महिना." डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘वूंड हेल्दी’ लिहिलेलं आहे. त्या दिवशी ते खरंही होतं. म्हणजे त्या रुग्णालयाच्या लेखी माझी जाऊ ठणठणीत बरी होऊन घरी गेली. तिथून पुन्हा फोन आला नाही, आम्हीही केला नाही. तिचा पिकलेला टाका कोणत्याच वहीत नाही.

हे एका रुग्णालयाचं दुखणं असतं तर तक्रार करून मोकळी झाले असते. माझ्या स्वतःच्या वॉर्डातही वर्षानुवर्षं हेच चाललं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेला रुग्ण पाचव्या-सहाव्या दिवशी घरी जायचा. टाका आठव्या-दहाव्या दिवशी पिकला, तर तो एसटीचं भाडं खर्चून परत यायचा की जवळच्या डॉक्टरकडे जायचा? परत न येणाऱ्याला आम्ही बरा झालेला धरायचो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ब्लेडने केस काढायची आमच्याकडे पद्धत होती आणि त्या ब्लेडच्या बारीक ओरखड्यांत जंतूंना घर मिळतं. केस काढूच नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने कापावेत, वस्तऱ्याने कधीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2016च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं. ते आमच्या वॉर्डात पोचायला आणखी किती वर्षं गेली, ते आठवलं की आजही वाईट वाटतं. किती जणांना त्यापायी पू झाला असेल, मी सांगू शकत नाही. मोजलंच नव्हतं.

मोजणीवर माझा एवढा भर का, तर रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गावरचं संशोधन सुरूच मोजणीतून झालं. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर होता. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते, एक डॉक्टरांचा आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी जास्त दगावत. त्याने दोन्हीकडचे आकडे मांडले आणि लक्षात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येतात. मे 1847मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरातल्या 18 जणी दगावल्या होत्या, जूनमध्ये 2. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्ध झालं नव्हतं. त्याच्या हातात फक्त आकडे होते. आम्ही परिचारिका दर 12 मेला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा लावतो; क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडून तिने सरकारला हलवलं होतं, ही गोष्ट मात्र नर्सिंगच्या मुलींना त्या दिवशी क्वचितच सांगितली जाते.

पुढे अमेरिकेत 1970च्या दशकात शेकडो रुग्णालयांचा मोठा अभ्यास झाला. जिथे संसर्गाची नियमित मोजणी होती, साधारण 250 खाटांमागे संसर्ग नियंत्रणाचंच काम करणारी एक परिचारिका होती आणि आकडे शल्यविशारदांना दाखवले जात होते, तिथे रुग्णालयात लागणारे संसर्ग 32 टक्क्यांनी कमी झाले. 1985 साली हे छापून आलं. आपल्याकडे आज ‘इन्फेक्शन कंट्रोल नर्स’ हे पद पुष्कळ ठिकाणी कागदावर आहे, आणि तीच सिस्टर वॉर्डाच्या ड्यूटीलाही असते.

2022च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात आहे की रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरांपैकी श्रीमंत देशांत 7 जणांना तिथे संसर्ग लागतो, आपल्यासारख्या देशांत 15 जणांना, आणि लागलेल्यांपैकी दहात एक दगावतो. त्याच वर्षी भारतातल्या 26 रुग्णालयांच्या 89 अतिदक्षता विभागांची मोजणी प्रसिद्ध झाली. रक्तात सापडलेल्या जंतूंत क्लेबसिएला पहिल्या क्रमांकावर होता, आणि तो बऱ्याचदा शेवटची म्हणून राखून ठेवलेल्या औषधांनाही दाद देत नव्हता. असा जंतू एकदा लागला की औषधांवर विसंबून चालत नाही. तो लागूच न देणं हाच उपाय उरतो.

आणि त्याला कोट्यवधी लागत नाहीत. पोटाची शस्त्रक्रिया संपताना, जखम शिवण्याआधी सर्वांनी हातमोजे बदलायचे आणि शिवायला निर्जंतुक हत्यारांचा दुसरा संच घ्यायचा, एवढीच गोष्ट भारतासह सात देशांत 13 हजारांवर रुग्णांमध्ये तपासली गेली. 2022 साली निष्कर्ष आला: जखमेचा संसर्ग 18.9 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर. म्हणजे शंभरातल्या तिघांचे टाके पिकायचे वाचले, हातमोज्यांच्या जोड्यांवर आणि एका जादा ट्रेवर. त्या संशोधकांनी प्रत्येक रुग्णाचा तीस दिवस पाठपुरावा केला, हे माझ्या दृष्टीने तितकंच मोलाचं. डिस्चार्जच्या दिवशी वही मिटली असती, तर माझ्या जावेसारखे कितीतरी जण त्यांच्या हिशेबातूनही निसटले असते.

हात धुण्याचंही असंच. जिनिव्हाच्या रुग्णालयात दिदिए पितेत यांनी नव्वदच्या दशकात अल्कोहोलचा हँडरब थेट रुग्णाच्या खाटेपाशी आणून ठेवला. बेसिनपर्यंत जाऊन साबणाने नीट हात धुवायला मिनिटभर लागतं, हँडरबला वीस-तीस सेकंद. हाताची स्वच्छता पाळण्याचं प्रमाण 48 टक्क्यांवरून 66वर गेलं आणि रुग्णालयातले संसर्ग 16.9 टक्क्यांवरून 9.9वर आले. ज्या सिस्टरच्या वाट्याला रात्री वीस रुग्ण आहेत तिला ‘हात धुवा’चा फलक दाखवून उपयोग नाही, तिच्या हाताशी भरलेली बाटली पाहिजे. बाटली भरायचं काम नक्की कोणाचं, हे ठरवलेलं पाहिजे. आणि आपल्या वॉर्डात निम्मी शुश्रूषा नातेवाईक करतात, युरोबॅग रिकामी करण्यापासून पाठ पुसण्यापर्यंत. त्यांना दाखल होतानाच पाच मिनिटं कुणी शिकवत नाही. वॉर्डात काम करणाऱ्या मामा-मावश्यांनाही नाही.

आमचे भाऊजी द्राक्षं निर्यात करतात. बागेची नोंदणी असते, प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, प्रमाण वहीत असतं, माल जाण्याआधी अंश तपासणी होते. 2010 साली क्लोरमेक्वाट या फवारणीच्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडली, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला त्या वहीची किंमत कळली. ते मला विचारतात, "माझ्या पेटीतल्या घडावर कधी काय मारलं ते तिकडचा माणूस शोधून काढतो. मग हिच्या टाक्याचं कुणालाच कसं माहीत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर शोधायला लांब जायला नको. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. राज्यभरातली वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत, दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे शेकडो प्रबंध तिथे जमा होतात. विद्यापीठाने पुढाकार घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या सरकारी आणि तयार असतील त्या खासगी रुग्णालयांत एकाच व्याख्येने, एकाच फॉर्मवर ही मोजणी सुरू करावी. शस्त्रक्रियेनंतर तिसाव्या दिवशी रुग्णाला एक फोन. पाड्यावर फोन लागला नाही तर आशाताईंकडून निरोप. वॉर्डात रोज ठरलेल्या वेळी किती जणांना कॅथेटर आहे, किती जणांना सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), याची मोजदाद करावी. एका रुग्णाला एक दिवस कॅथेटर म्हणजे एक कॅथेटर-दिवस; अशा हजार दिवसांमागे किती संसर्ग हे मग काढता येतं. चाळीस खाटांच्या वॉर्डाला याला दहा मिनिटं पुरतात, मी करून पाहिलं आहे. मोजायला उभं राहिलं की ‘हिचं कॅथेटर अजून का आहे?’ हा प्रश्न आपोआप तोंडात येतो.

डॉक्टर मंडळींची भीती मला कळते. जो प्रामाणिकपणे मोजेल त्याचा आकडा मोठा दिसेल आणि बदनामी त्याचीच होईल. म्हणून पहिली दोन वर्षं आकडे रुग्णालयाचं नाव न घालता जिल्ह्याचे म्हणून द्यावेत. पण कायमचे झाकून ठेवू नयेत. इंग्लंडमध्ये 2001पासून सरकारी रुग्णालयांना रक्तातल्या एमआरएसए (पुष्कळ औषधांना दाद न देणारा एक जंतू) संसर्गाची नोंद सक्तीची केली, आकडे जाहीर होऊ लागले, 2004 साली ते निम्मे करायचं ठरलं आणि 2008पर्यंत झालेही. आपल्या राज्यात 2021च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच भिंतीवर संसर्गाच्या आकड्याची आणखी एक ओळ मावेल.

सिंहस्थासाठी नव्या खाटा येतील तेव्हा प्रत्येक खाटेला हँडरबचा अडकवणारा स्टँड आणि युरोबॅगचा हूक निविदेतच लिहून घ्यावा. नंतर ते कुणी बसवत नाही.

तुमच्या वार्ताहरांना माझी विनंती आहे. रुग्णालयाच्या बातमीला जाल तेव्हा खाटा किती आणि यंत्रं किती यासोबत एवढंच विचारा: गेल्या महिन्यात किती शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या किती जणांचे टाके पिकले? जे उत्तर येईल ते छापा, ‘नोंद उपलब्ध नाही’ असं आलं तरी. आणि कोणत्याही वॉर्डाला ही मोजणी सुरू करायची असेल, तर फॉर्म कसा भरायचा ते दाखवायला मी येईन. मानधन नको. सकाळी दहानंतर कधीही चालेल.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
इंदिरानगर, नाशिक