सोमवारची रात्र

लंडन, १८ जानेवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीला दोन स्वेटर घालतो. परवा फोनवर चर्चचं नाव काढलं आणि आई एकदम गप्प झाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

सोमवारी रात्री मी बेघर लोकांच्या निवाऱ्यावर जागायला जातो, एवढंच. जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना होते, नको असेल त्याने गप्प बसावं. धर्माचं मला कुणी काही विचारलं नाही, तिथे झोपायला येणाऱ्यांनाही विचारत नाहीत. आणि आई, माझा जन्म आपल्या नगरच्या बूथ हॉस्पिटलातला ना? ते मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं. विल्यम बूथने १८६५ साली इथे पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत ते काम सुरू केलं, हॉस्पिटलला नाव त्याच्या मुलीचं, इव्हँजेलिनचं. तेव्हा कुठे आपला धर्म बुडाला?

इथली पद्धत कळायला मात्र मला महिना लागला. निवारा म्हणजे एक इमारत नव्हे. सात चर्चनी आठवड्याचे सात वार वाटून घेतलेत. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी दोन स्टॉप पुढे, बुधवारी तिसरीकडेच. संध्याकाळी सातला दार उघडतं, गरम जेवण, हॉलमध्ये घडीच्या खाटा. सकाळी नाश्ता झाला की सगळे बाहेर, रात्री पुढच्या चर्चमध्ये. अंथरुणं व्हॅनमधून मागोमाग जातात. कारण हॉल इतर दिवशी पाळणाघराला नाहीतर म्हाताऱ्यांच्या मंडळाला दिलेला असतो, आणि रोज जागायला माणसं आणायची कुठून? एक रात्र प्रत्येकाला जमते. दिवसा संस्थेची एक बाई त्यांची कागदपत्रं, सरकारी भत्ता, भाड्याची खोली यांच्या मागे असते. ते खरं काम. पण तोवर माणसाने रोज सकाळी नव्याने बेघर व्हायचं, हे मला अजून पटत नाही.

येणाऱ्यांना 'गेस्ट' म्हणायचं, पाहुणे. एकजण बाबांच्या वयाचे आहेत. बूट चोरीला जातील म्हणून नाड्या मनगटाला बांधून झोपतात. सकाळी ब्लँकेटची घडी घालतात, कोपऱ्याला कोपरा लावून, वरून हात फिरवून. थेट बाबांसारखी. त्यांना चहा देताना मला बोलायला सुचत नाही.

मंगळवारी ऑफिसला उशिरा गेलं तर चालतं, ती काळजी नको.

चाळीस हजार पाठवलेत. बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. छोटीच्या साखरपुड्याला येतो म्हणालो होतो, रजा मिळत नाही. ती रुसलीय, फोन उचलत नाही. लग्नाला आठ दिवस आधी येतो, तिकीट काढलंय. काकूने पाठवलेला फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते, पण मे महिन्यात समोरासमोर भेटल्यावरच बोलू.

ऑपरेशननंतर दवाखान्यात रात्री बाबांजवळ कोण झोपणार ते कळवा. आईने एकटीने जागायचं नाही. मी काकांना विचारू का?

तुमचा,
बाळू