पिल्लू, मी हळूहळू बाप झालो

पिल्लू,

सगळे विचारतात, पहिल्यांदा हातात घेतलंस तेव्हा काय वाटलं, आणि मी काहीतरी गोडगोड बोलून वेळ मारून नेतो. तुला मात्र खरं सांगतो. भीती वाटली, आणि त्यापलीकडे फारसं काही नाही. तुझ्या आईची तुझ्याशी आधीपासून ओळख होती, तू कधी लाथा मारतेस, कधी तुला उचकी लागते, कुठल्या कुशीवर झोपलं की तुला चालत नाही, हे सगळं तिला माहीत, आणि माझ्याकडे होता सोनोग्राफीचा एक काळापांढरा फोटो ज्यात नाक कुठलं आणि गुडघा कुठला हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून लालबुंद तोंडाचं, डोळे सुजलेलं, डोकं जरा लांबट झालेलं असं एक बाळ माझ्या हातात दिलं तेव्हा उर भरून वगैरे आला नाही, मी फक्त मान नीट धरलीये ना एवढंच बघत होतो.

आणि हो, तुझी पहिली परीक्षा पण तेव्हाच झाली. हृदयाचे ठोके, श्वास, हातापायातला जोर, डिवचल्यावर कशी कुरकुरतेस आणि अंगाचा रंग, प्रत्येकाला 2 मार्क, एकूण 10. एकदा जन्मल्यावर 1 मिनिटाने आणि परत 5 मिनिटांनी. अपगार स्कोअर म्हणतात त्याला, व्हर्जिनिया अपगार नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी 1952 मध्ये ही पद्धत काढली आणि जगभर अजून वापरतात. तुला 9 मिळाले. मी नर्सना विचारलं, एक मार्क कुठे गेला? त्या इतक्या हसल्या ना. म्हणाल्या अहो हातपाय थोडे निळसर आहेत, जवळपास सगळ्याच बाळांचा तो एक जातो. तर बघ, जन्मून पाच मिनिटं झाली नव्हती आणि तुझा बाप मार्कांवरून विचारपूस करत होता, पुढे दहावीला मी काय करणार याचा अंदाज घेऊन ठेव.

पहिल्या आठवड्यात जे जे घडलं ते मला सगळं आजारपण वाटत होतं. तुझं वजन कमी झालं, मी घाबरलो, डॉक्टर म्हणाले पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनाच्या 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरतं, दोनेक आठवड्यात भरून येतं. पहिली शी डांबरासारखी काळी आणि चिकट, तेही नॉर्मल. तिसऱ्या दिवशी अंग पिवळं दिसायला लागलं, ती कावीळ, बहुतेक बाळांना थोडीफार होते, पण ती मोजून बघावी लागते कारण जास्त वाढली तर दिव्याखाली ठेवतात, तुला नाही ठेवावं लागलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तू झोपेत भराभर श्वास घ्यायचीस आणि मधेच थांबायचीस, पाचेक सेकंद काहीच नाही, आणि मग परत सुरू. त्या पाच सेकंदात माझं काय व्हायचं हे मी शब्दात लिहू शकत नाही. तान्ह्या बाळांचा श्वास असाच असतो म्हणे, मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण अजून पक्कं झालेलं नसतं, दहा सेकंदांच्या आतलं थांबणं आणि रंग नीट असेल तर काळजी नाही. हे कळल्यावर मी काळजी करायची थांबलो असं समजू नकोस, फक्त मोबाईलचा टॉर्च मारून बघायचं बंद केलं कारण तुझ्या आईने धमकी दिली.

दूध पाजणं मला जमणारं काम नव्हतं, तेव्हा बाकीची कामं मी घेतली. ढेकर काढणं, शी शू, कपडे, आणि आंघोळ. आता यात मोठेपणा काही नाही, पण गंमत सांगतो, मी लोकांसमोर एक डायपर बदलला की "किती करतो गं हा, नशीबवान आहेस" असं तुझ्या आईला ऐकायला मिळायचं, आणि ती रात्रभर दर दोन तासांनी उठून पाजत होती तिला कुणी एकदाही शाबास म्हटलं नाही. मला सुरुवातीला ते कौतुक आवडायचं सुद्धा. नंतर राग यायला लागला. तू मोठी झाल्यावर तुझ्यासमोर कोणी असं बोललं तर खुशाल उलटं बोल, माझी परवानगी आहे.

बरं, रडणं. याच्यावर मी वेगळं पत्र लिहू शकतो. तू दोन आठवड्यांची झाल्यावर संध्याकाळी रडायला सुरुवात केलीस आणि ते वाढतच गेलं. दूध पिऊन झालं, डायपर कोरडा, ताप नाही, पोट मऊ, तरी रडतेस, पाय पोटाशी घेऊन, चेहरा जांभळा करून. मी गूगलवर रात्री काय काय वाचलंय. निष्पन्न एवढंच की सगळ्याच बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरतं, आणि ज्यांचं फारच असतं त्याला कॉलिक म्हणतात. त्याची व्याख्या 1954 पासून चालत आलीये, दिवसाला 3 तासांपेक्षा जास्त, आठवड्याला 3 दिवसांपेक्षा जास्त, आणि हे 3 आठवड्यांहून जास्त. म्हणजे नक्की कारण अजून कोणालाही माहीत नाही पण मोजून मात्र ठेवलंय! नातेवाईकांकडे मात्र कारणं भरपूर होती, गॅस, दृष्ट, आईने काय खाल्लं, आईने काय नाही खाल्लं, एकूण फिरून फिरून आईवरच.

मी तुला हातावर पालथं घेऊन, डोकं कोपराकडे आणि पाय दोन्ही बाजूंना लोंबते, असं हॉलमधून बेडरूम, बेडरूममधून हॉल फिरवायचो. त्या पोझिशनमध्ये तू कधी कधी शांत व्हायचीस, कधी कधी नाही. आणि नाही व्हायचीस तेव्हा एका क्षणी माणसाचा कडेलोट होतो, हे मला तुला सांगायचंय कारण कोणी सांगत नाही. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, की सहन होईना झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवायचं, दार लोटायचं आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन बसायचं, रडून बाळाला काही होत नाही, पण रागात गदागदा हलवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मी बाहेर जाऊन बसलोय. पाणी पिऊन परत आलोय. हे काही लाजण्यासारखं नाही, उलट प्रत्येक नव्या आईबापाला हॉस्पिटलमधून सोडताना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला पाहिजे.

पुढचं तुझ्या आईला विचारून लिहितोय. पहिल्या दहाबारा दिवसात ती उगीचच रडायची, ते बहुतेक बायकांना होतं, हार्मोन एकदम खाली येतात आणि झोप नसते, दोन आठवड्यात निवळतं. तिचं निवळलं नाही. तू झोपलीस तरी तिला झोप यायची नाही, जेवण नको, आणि एकदा म्हणाली मी हिला नीट सांभाळूच शकत नाहीये, हिला दुसरी कोणी आई मिळायला हवी होती. घरातले म्हणाले थकवा आहे, होईल बरं. आम्ही डॉक्टरकडे गेलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार बाळंतपणानंतर जगात साधारण 13 टक्के बायकांना मानसिक आजार होतो, त्यात मुख्य नैराश्यच. औषध आणि बोलणं दोन्हीने फरक पडला, अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं असतात. तुझ्यामुळे झालं असं डोक्यात सुद्धा आणू नकोस, आणि तिच्यामुळेही नाही. ती म्हणते हे लिहीच, कारण उद्या तुझ्यावर किंवा तुझ्या मैत्रिणीवर अशी वेळ आली तर "होईल बरं" म्हणत कोणी बसायला नको.

त्या दिवसात रात्रीचं बरंचसं माझ्याकडे आलं, काढून ठेवलेलं दूध वाटीचमच्याने पाजणं सुद्धा. आणि मला वाटतं तिथेच कुठेतरी काम बदललं. म्हणजे आधी मी तुझं काम करत होतो, मग मला तू कळायला लागलीस. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, हे लोक म्हणायचे तेव्हा थाप वाटायची. पण भूक लागली की तू आधी मूठ तोंडाकडे न्यायचीस, मान इकडून तिकडे करून शोधायचीस, रडणं सगळ्यात शेवटी. झोप आली की डावा कान ओढायचीस, अजूनही ओढतेस. आंघोळीला डोक्यावर पाणी आलं की आवडायचं नाही पण पाठीवर आलं की एकदम गप्प. दोन महिन्याच्या आसपास एकदा मी तुला टॉवेलात गुंडाळत होतो आणि तू माझ्याकडे बघून हसलीस, आधीचं झोपेतलं हसणं नव्हे, माझ्या तोंडाकडे नीट बघून. बाळाला सुरुवातीला वीसतीस सेंटीमीटरवरचंच बरं दिसतं, पाजणाऱ्याच्या किंवा कपडे घालणाऱ्याच्या तोंडाइतकं अंतर, त्यामुळे ते हसू मला मिळालं यात माझा पराक्रम काही नाही, मी फक्त त्या अंतरावर रोज हजर होतो.

रोज हजर राहून, करून करूनच माणूस बाप होतो, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. 2011 साली फिलिपाईन्समधल्या सेबू शहरातल्या सहाशेच्या वर पुरुषांचा एक अभ्यास छापून आला, त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, आधी मोजलेलं होतं आणि काही वर्षांनी परत मोजलं. जे मधल्या काळात बाप झाले त्यांचं चांगलंच उतरलेलं, आणि जे बाप रोज तीन तास किंवा त्याहून जास्त मुलांचं करत होते त्यांचं न करणाऱ्यांपेक्षा कमी. म्हणजे कागदावर नाव लागलं की काम संपलं असं शरीरसुद्धा मानत नाही. माझं टेस्टोस्टेरॉन कोणी मोजलं नाही, पण माझे मित्र म्हणतात तू आता जाहिराती बघून पण रडतोस.

सहा महिन्यांनंतरचं पटापट लिहितो कारण ते फोटोत भरपूर आहे. बसायला लागलीस, वरचं खाणं सुरू झालं, त्यातलं निम्मं माझ्या शर्टवर, खालचे दोन दात आले, जन्माच्या वजनाच्या दुप्पट तर तू पाचव्या महिन्यातच झाली होतीस. नवव्या महिन्यात अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत जमिनीवरचं केस, धागा, मुंगी उचलायला शिकलीस आणि आमचं घर एकदम किती घाण आहे ते आम्हाला कळलं.

एका गोष्टीवरून मात्र घरात फार चर्चा झाली, ती म्हणजे तू रांगलीच नाहीस. तू बसूनच बुडावर सरकायचीस, एक हात टेकवत, आणि भयंकर स्पीडने. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाचं बाळ आठव्या महिन्यात रांगतंय, कोणाचं दहाव्यात उभं राहतंय, आणि मला रोज एक व्हिडिओ. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या धडधाकट मुलांची याबाबतीत नोंद ठेवली होती, त्यात चार टक्क्यांच्या थोडी वर मुलं गुडघ्यावर रांगलीच नाहीत, आणि एकट्याने चालणं साधारण 8 महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही. एवढा मोठा पट्टा आहे! मी तो तक्ता ग्रुपवर टाकला. कोणी काही बोललं नाही, एकाने अंगठा दिला.

आता तू वर्षाची होशील पुढच्या आठवड्यात. सोफ्याला धरून कडेकडेने चालतेस, हात सोडत नाहीस. सकाळी मी शूज घातले की ओठ काढून रडायला लागतेस, तुझ्या आठव्यानवव्या महिन्यापासून हे चालू आहे, समोर नसलेलं माणूस कुठेतरी आहे हे बाळाला त्या सुमाराला कळायला लागतं आणि म्हणून जाणं पण कळतं. डॉक्टर म्हणतात गुपचूप निघून जाऊ नका, सांगून जा. म्हणून मी सांगून जातो, तू भोकाड पसरतेस, आजी मला लवकर निघ म्हणते, आणि मी लिफ्टमध्ये जरा खूष असतो, खोटं कशाला बोलू, मला आवडतं की कोणीतरी माझ्यासाठी एवढं रडतंय.

माझ्या चष्म्याचं मात्र काहीतरी करायला लागेल. हा पण दांडी मोडून ठेवलायस, आणि आता मी सेलोटेप लावून ऑफिसला जातो.

तुझा,
बाबा