बदलीवर आलेल्या बाईंकडून मनापासून आभार

बदली शिक्षिका म्हणून वर्गात शिरताना हातात बहुतेक वेळा फक्त हजेरीपट असतो. धडा कुठवर झालाय, कोणत्या दोघांना शेजारी बसवायचं नाही, यातलं काहीच ठाऊक नसतं. तरीही दिवस नीट पार पडतो, तो तुमच्यामुळे.

सगळ्यात आधी आभार, रजेवर जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवून गेलेल्या त्या बाईंचे. पुस्तकात खूण घातलेली, सोडवून घ्यायची गणितं पेन्सिलीने टिपलेली आणि खाली एक ओळ: ‘खिडकीजवळच्या मुलीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तिच्या उजव्या बाजूला उभं राहून बोला.’ स्वतः आजारी असताना हे आठवणीने लिहायचं, केवढी माया! ती ओळ नसती तर ती मुलगी तासभर नुसती बसून राहिली असती.

शेजारच्या वर्गावरच्या सरांनी गोंगाट ऐकून दार उघडलं, पण मुलांना दरडावलं नाही. ‘काही लागलं तर हाक मारा’, एवढंच मला म्हणाले. मुलांसमोर माझा मान राखलात, सर. नव्या माणसाला हेच तर हवं असतं.

शिपाईमामा, तुम्ही वर्ग दाखवलात, खडू आणून दिलेत. ऑफिसातल्या ताई, वेळापत्रक न मागता हातात ठेवलंत.

आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा! ‘बाई, आमच्या बाई आधी एक उदाहरण करून दाखवतात, मग आम्हाला देतात,’ असं त्याने जवळ येऊन सांगितलं. तसंच केलं आणि अख्खा वर्ग कामाला लागला. बाळा, तुझेही खूप खूप आभार.