झिपलाइनच्या लांबीबरोबर तपासणीची तारीखही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वर या भागातल्या झिपलाइनची, म्हणजे उंचावर ताणलेल्या तारेला लटकून घसरत जायच्या खेळाची, यादी आली होती. कुठली किती मीटर लांब, वेग किती, फोटो कुठून चांगला येतो, कुठल्या रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये ती फुकट मिळते, आणि खाली फोन नंबर. आमच्याकडे ती यादी कापून फ्रिजवर लावली गेली, म्हणजे लोक वाचतात आणि त्यावरून बेत ठरवतात. म्हणूनच हे पत्र. तार शेवटची कधी तपासली, कोणी तपासली, किती वजनाच्या माणसाला सोडतात, यातलं एक अक्षर त्या यादीत नव्हतं.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होतो, निवृत्त होईपर्यंत ईओटी क्रेन, म्हणजे छताजवळच्या रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेन, माझ्याकडे होत्या. आमच्यावर कारखाने कायदा, १९४८ मधल्या कलम २९चा धाक असे. उचलायची यंत्रं, साखळ्या, दोर यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी, तिची रजिस्टरमध्ये नोंद, आणि क्रेनवर ठळक अक्षरांत किती भार उचलायचा तो आकडा. लोखंडाची कास्टिंग इकडून तिकडे न्यायला एवढा सगळा व्याप. झिपलाइनवर तर तारेला जिवंत माणूस टांगलेला असतो, आणि त्याच्या हातात फक्त तिकीट!

यंदा नातीचा हट्ट होता. ती सहावीत आहे, अंगाने काडी. मुलगा-सून फोनवर रील बघून लोणावळ्याजवळच्या एका ठिकाणाचं बुकिंग करायला निघाले होते. मी म्हटलं, आधी जाऊन बघू, पैसे मग देऊ. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही काय इन्स्पेक्शनला निघालात?" मी म्हटलं, हो.

पहिल्या ठिकाणी कमानीवर "सर्वात लांब" असं काहीतरी होतं आणि स्पीकरवर गाणी. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, मधेच कोणी अडकलं तर काय करता? तो हसून म्हणाला, "काका, आजपर्यंत काही झालेलं नाही." कारखान्यात हे वाक्य मी फार ऐकलंय, बहुतेक वेळा अपघाताच्या चौकशीत. हलक्या वजनाचं मूल किंवा समोरून वारा असेल तर माणूस तारेच्या पोटात, म्हणजे झोळ असतो तिथे, थांबणारच. तो गुरुत्वाकर्षणाचा नियम आहे, त्यात नशिबाचा भाग नाही. मूल अडकलं की कोण जाणार, कशावर जाणार, किती वेळात, याचं उत्तर तोंडपाठ नसेल तर पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. आम्ही गाडी वळवली. नात रुसली, ते वेगळं.

दुसरी जागा दिसायला साधी होती. तिकीट जवळजवळ दुप्पट, तार लहान, एकामागून एक अशा चार-पाच टप्प्यांची फेरी आणि बरोबर दोन मार्गदर्शक: एक पुढे जाऊन उतरवून घेणारा, एक मागे राहून सोडणारा. तोच प्रश्न विचारल्यावर त्यातल्या एका मावळातल्या पोराने काही न बोलता एक बॅग उघडून दाखवली. त्यात वेगळी पुली, दोर, स्लिंग (अडकवायचा पट्टा). "काका, मी इथून जातो, माझ्या अंगावरच्या हार्नेसला अडकलेल्याला लावून घेतो, पलीकडचा ओढतो. सकाळी गेट उघडायच्या आधी आम्ही रोज एकाला मुद्दाम मधे अडकवतो." मग म्हणाला, "आज माझी पाळी होती, म्हणून हात लाल झालेत." मला तो पोरगा तिथेच आवडला.

मग मी बघून घेतलं. तारेचं टोक वळवून जिथे आवळलेलं असतं तिथे यू-क्लॅम्प असतात, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा बोल्ट आणि तो ज्यावर आवळतात तो खाचेचा तुकडा, त्यालाच खोगीर म्हणतात. बारा मिलीमीटरच्या आसपासच्या तारेला किमान तीन हवेत, आणि क्लॅम्पचं खोगीर भार घेणाऱ्या तारेवर बसलेलं हवं, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं बसवलं तर यू-बोल्ट भाराची तारच चेपतो. लांबून बघूनही हे कळतं. तारेवरून सुती चिंधी फिरवता का, असं विचारल्यावर दुसऱ्या मार्गदर्शकाने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. जुन्या क्रेनवाल्यांची ही रीत आहे. दोरातली एखादी बारीक तार तुटून वर आली असली तर डोळ्याला दिसत नाही, पण चिंधीचा धागा तिथे अडकतो. तो म्हणाला, "आठवड्याला करतो, आणि पावसाळ्यात गंज बघायला जास्त वेळा." वहीही दाखवली. अक्षर वाईट होतं, पण तारखा सलग होत्या, आणि एका ओळीत "हार्नेस क्र. ७ बाद" असं लिहिलेलं होतं. ज्या वहीत काहीच बाद झालेलं नसतं ती घरी बसून भरलेली असते, असा माझा अनुभव आहे. हार्नेस कापडी पट्ट्यांचा असतो, उन्हाने आणि घामाने तो कुजतो. चांगल्या कंपन्या वापरला नाही तरी दहा वर्षांनंतर काढून टाका म्हणून लिहून देतात. शिवणीजवळच्या लेबलवर उत्पादनाचं साल असतं. ते खरवडलेलं असेल तर कारण विचारा.

तरीही तार आणि क्लॅम्प हे माझ्यासारख्याचं वेड आहे. सामान्य माणसाने बघण्याची खरी जागा मचाण, म्हणजे जिथे उभं करून माणसाला तारेवर सोडतात ते. एप्रिल २०२५ मध्ये भोर तालुक्यात एका पर्यटनस्थळी झिपलाइनला गेलेल्या पुण्याच्या एका तरुणीचा पडून मृत्यू झाला. बातम्यांनुसार ती अजून तारेवर निघालीच नव्हती. दोर अडकवण्यासाठी स्टुलावर चढताना तोल गेला आणि सुमारे तीस फूट खाली कोसळली. त्यानंतर जूनमध्ये मनालीत झिपलाइनवर नागपूरच्या एका शाळकरी मुलीला बांधलेला दोर वाटेतच तुटून ती खाली पडली, पायाला गंभीर इजा झाली. दुसऱ्या घटनेत साहित्य दोषी दिसतं, पहिल्यात पद्धत. आपण सगळे तारेकडे बघतो, लांबी आणि उंचीवर बोलतो, आणि मचाणावर उभं राहून फोटो काढत असताना आपल्याला कशाला बांधलंय हे विसरतो.

म्हणून मचाणावर पाय ठेवायच्या आधी एकच गोष्ट मी नातीला सांगितली: कठड्याच्या आत येताच तुझी एक स्लिंग कशाला तरी अडकली पाहिजे, आणि ती काढायच्या आधी दुसरी अडकलेली पाहिजे. एक सुटते तेव्हा दुसरी असते. जुने गिर्यारोहक याला सेल्फ अँकर म्हणतात. आमच्या कंपनीच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर मी खंडाळ्याच्या नागफणीच्या कड्यावर व्हॅली क्रॉसिंगला, म्हणजे दोरावरून दरी ओलांडायच्या कार्यक्रमाला, दोर वाहायला जात असे. झिपलाइन हे नाव तेव्हा कोणाच्या कानावर नव्हतं. तिथे कडेवर अँकरशिवाय कोणी उभा दिसला तर लीडर आधी शिवी हासडायचे, चहा नंतर. मावळातला पोरगा शिवी देत नव्हता, पण प्रत्येक वेळी कॅराबिनरचं (स्लिंगच्या टोकाच्या धातूच्या कडीचं) लॉक स्वतः फिरवून बघत होता आणि मोठ्याने "लॉक" म्हणत होता. नात दुसऱ्या टप्प्यावर त्याच्याआधीच म्हणू लागली.

आणखी थोडं, जे मी तिथे बघितलं आणि बाकीच्यांनी विचारावं असं वाटतं. लहान मुलांना कंबर नसते, म्हणजे कंबरपट्टा अडकेल असं हाड भरलेलं नसतं. उलटं झालं तर ती नुसत्या सीट हार्नेसमधून, म्हणजे कंबर आणि मांड्यांच्या पट्ट्यांतून, निसटू शकतात, त्यांना छातीपासून खांद्यापर्यंतचा पूर्ण हार्नेस हवा. वजनाची मर्यादा वरची आणि खालची अशी दोन्ही हवी, आणि त्यासाठी तिथे वजनकाटा हवा. तोंडी विचारून लिहिणारे बघितले आहेत, आणि आपल्याकडे वजन खरं कोण सांगतं? पुलीखेरीज दुसरा आधार आहे का तेही बघावं: वर दुसरी तार, नाहीतर त्याच तारेवर वेगळी कॅराबिनर. पलीकडे पोचताना थांबवण्यासाठी ब्रेक कसला? नुसता हातमोजा असेल तर तो घाबरलेल्या माणसाच्या भरवशावर आहे. स्प्रिंग किंवा दोराचा ब्रेक, आणि तो चुकला तर आणखी एक, असं असावं. ओढणी, मंगळसूत्र, मोकळे केस पुलीत जाऊ नयेत म्हणून ते आधी बांधून घेतात का? पुढचा माणूस उतरून बाजूला झाला हे मागच्याला वॉकीटॉकीवर कळतं की नुसता हात हलवतात? सह्याद्रीतल्या धुक्यात हलवलेला हात दिसत नाही, आणि दोन माणसं एका तारेवर आदळणं हा या खेळातला खरा धोका.

सकाळची वेळ घ्या. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग भरून येतात, आणि डोंगरमाथ्यावर ताणलेल्या लोखंडी तारेला विजेच्या वेळी लटकण्यात काही साहस नाही. आम्ही गेलो त्या दिवशी दुपारी गडगडल्याबरोबर त्यांनी फेरी बंद केली आणि खालच्या गटाचे पैसे परत दिले. रिसॉर्टमधले एक गृहस्थ त्या पोरावर चिडले होते. मला वाटतं, पैसे परत देण्याची तयारी ही कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगते.

प्रमाणपत्राचं म्हणायचं तर महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींतल्या उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तेव्हा "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" एवढा प्रश्न फोनवरच विचारता येतो. मार्गदर्शकाचं शिक्षणही विचारा: उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेचं किंवा दार्जिलिंगच्या हिमालयीन संस्थेचं बेसिक केलं आहे का, प्रथमोपचार शिकले आहेत का. कोर्स न केलेला स्थानिक मुलगा वाईट असतोच असं नाही. आमच्या त्या पोराने कुठलाच मोठा कोर्स केलेला नव्हता. पण त्याला शिकवणारा कोणीतरी होता आणि त्याचं नाव तो सांगू शकला.

काउंटरवर एक कागद सही करायला देतात, "मी स्वतःच्या जबाबदारीवर" वगैरे. बरेच जण त्या कागदाने आपले सगळे हक्क गेले असं समजतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या निष्काळजीपणालाही धरते, एकतर्फी करारांचाही त्यात विचार आहे. सही करा, पण त्या कागदाचा फोटो काढा आणि पावती फेकू नका.

आता आपल्याकडे मागणं. आपल्या पुरवणीत अशा यादीच्या प्रत्येक ठिकाणापुढे, फोन नंबरच्या ओळीत, तीन गोष्टी छापा: पर्यटन संचालनालयाचा नोंदणी क्रमांक, वजनाची मर्यादा, आणि तारेच्या शेवटच्या तपासणीची तारीख. आपल्या बातमीदाराने फोन करून विचारायचं फक्त. ज्यांनी दिलं नाही त्यांच्यापुढे "माहिती दिली नाही" असं छापा. जाहिरात विभागाला अडचण होईल हे मला कळतं. संचालनालयानेही नोंदणीकृत ठिकाणांची यादी तालुकावार, मराठीत, फोनवर सहज उघडेल अशी ठेवावी, आणि नोंदणीचा फलक तिकीट खिडकीच्या वर दराच्या फलकाएवढाच मोठा लावायला सांगावं. आमच्या क्रेनवर भाराचा आकडा खालून वाचता येईल एवढ्या अक्षरांत रंगवलेला असे. तिथे रंगाला पैसे मिळत, इथेही मिळतील.

पुढची पुरवणी बहुधा दिवाळीच्या सुट्टीत येईल. तोवर फोन करायला भरपूर वेळ आहे.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक,
चिंचवड, पुणे