कंसातल्या नावांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘लेड झेपलिन’ या ब्रिटिश ब्लूज-रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर आलेला लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळाल्याचे अप्रूप वाटले. मात्र ‘अल्बममधील नऊही गाणी या चौघांच्याच प्रतिभेतून उतरली’ हे लेखातील विधान वस्तुस्थितीला धरून नाही, म्हणून हे पत्र.

जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या अल्बमची एक जुनी तबकडी माझ्याकडे आहे. तिच्या मधल्या गोल कागदावर, गाण्याच्या नावाखाली, बारीक अक्षरांत रचनाकाराचे नाव कंसात छापले आहे. ‘यू शुक मी’ आणि ‘आय कान्ट क्विट यू बेबी’ या दोन गाण्यांखाली शिकागोच्या विली डिक्सन यांचे नाव आहे. पहिले मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये आणि दुसरे ओटिस रश यांनी १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. म्हणजे लेखकाने तबकडी हातात घेऊन पाहिली असती, तरी निम्मी चूक तिथेच टळली असती.

उरलेली निम्मी चूक मात्र तबकडीचीच आहे. ‘बेब आय ॲम गॉना लीव्ह यू’ या गाण्याखाली ‘पारंपरिक’ असे छापून संयोजक म्हणून बँडचे गिटारवादक जिमी पेज यांचे नाव दिले आहे. पेज यांनी ते जोन बाएझ यांच्या १९६२ च्या तबकडीवर ऐकले होते आणि तिथेही ते पारंपरिकच म्हटले होते. प्रत्यक्षात ॲन ब्रेडन या बाईंनी ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस रचले होते, आणि त्यांचे नाव झेपलिनच्या तबकड्यांवर यायला १९९० साल उजाडले. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ची गोष्ट याहून अवघड आहे. जेक होम्स यांनी ते १९६७ मध्येच ध्वनिमुद्रित केलेले असताना अल्बमवर केवळ पेज यांचे नाव आले. होम्स यांनी २०१० मध्ये दावा लावला आणि तो न्यायालयाबाहेर मिटला.

या ‘पारंपरिक’ शब्दाचा मला स्वतःला एकदा चांगलाच अनुभव आला आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक आपल्या गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. काही वर्षांपूर्वी नाशिकमध्येच एका कार्यक्रमात मी तबल्याच्या साथीला होतो. निवेदकाने त्यांचे एक गीत ‘पारंपरिक’ म्हणून जाहीर केले, आणि शेवटच्या कडव्यात गायकाने ‘वामन’ म्हणताच पुढच्या रांगेतली म्हातारी माणसे मोठ्याने हसली. ॲन ब्रेडन यांच्या गाण्यात अशी नाममुद्रा नव्हती, त्यामुळे तिकडे कोणी हसलेही नाही.

यातून अल्बम कमअस्सल ठरतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत, पेज यांच्याच सांगण्यानुसार सुमारे ३६ तासांत झालेले हे ध्वनिमुद्रण आजही कानाला ताजे वाटते. पहिल्याच गाण्यात जॉन बॉनम एका पायाने बास ड्रमवर ज्या जलद तिहेरी ठोक्यांचे झुपके घेतात, ते ऐकून नाशिक ढोलावर वाढलेल्या माणसाचाही हात थबकतो. दुसऱ्या बाजूच्या ‘ब्लॅक माउंटन साइड’मध्ये तर चक्क तबला आहे, तो विराम जसानी यांनी वाजवला असून वेष्टनावर त्यांचा उल्लेखही आहे. आपल्या लेखात तो नाही, याचे तबलजी म्हणून थोडे वाईट वाटले. गंमत अशी की, तबलजीचे नाव छापणाऱ्या त्याच वेष्टनावर ही रचना एकट्या पेज यांची म्हणून नोंदवली आहे. वास्तविक ती बर्ट जान्श यांनी १९६६ मध्ये वाजवलेल्या एका आयरिश लोकगीताच्या फार जवळची आहे.

जागा मर्यादित असते हे मी जाणतो. तरीही येत्या रविवारच्या पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती छापून तीत विली डिक्सन, ॲन ब्रेडन, जेक होम्स आणि विराम जसानी ही चार नावे द्यावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक तबलावादक वाचक,
पंचवटी, नाशिक